बारावी जोडी

१

हातमोज्यांच्या धंद्यात मला एकोणतीस वर्षं झाली. पायमोजे, बनियन, रुमाल, कानटोप्या हेही विकतो, पण नाव झालं ते हातमोज्यांनी. मी गिऱ्हाइकाला मापाची पट्टी दाखवत नाही. "द्या बघू हात," म्हणतो, हात हातात घेतो, सोडतो आणि फळीवरून एक जोडी काढून पुढे ठेवतो. ती बसतेच.

एकदा एक गृहस्थ तावातावाने भांडायला आले. "तुमचे मोजे एका धुण्यात आटले!" मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "साहेब, मोजे नाही आटले, तुम्ही सुजलात. आधी डॉक्टरांकडे जाऊन या." गेले बिचारे. पंधरा दिवसांनी पेढे खाल्ल्यासारखं तोंड करून परत आले आणि त्याच मापाची आणखी एक जोडी घेऊन गेले. आज त्यांचा नातूही माझ्याकडेच येतो.

शाळा म्हणाल तर मी चार यत्ता काढल्या, त्यातली एक दोनदा. पुढचं जे काही शिकलो ते गिऱ्हाइकांच्या हातांनी शिकवलं. घाबरलेल्या माणसाचा हात कसा लागतो, थापा मारणाऱ्याचा कसा लागतो, हे मला पुस्तकातून कुणी सांगितलं नाही. म्हणून मी डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त विसंबत आलो. दिवसभर दुकानात उभं राहून डोळे थकतात, बोटं थकत नाहीत, असा आपला माझा समज.

तर माझी भाची. तिला घरात सगळे मुंगी म्हणतात, कारण दिसायला एवढीशी आणि चावायला लागली की सोडत नाही. नऊ वर्षांची. तिच्या वर्गाची एक दिवसाची सहल निघाली, कालव्यांच्या शहरात. वर्गात मुलं चोवीस, आणि बाईंचा नियम असा की प्रत्येकाला एक जोडीदार. जोडीदार नाही तर सहल नाही. आदल्या दिवशी मुंगीच्या जोडीदारणीला गालगुंड झालं. मुंगी शाळेतून थेट दुकानात आली, काउंटरवर चढून बसली आणि म्हणाली,

"मामा, तू एकटा मोजा कुणाला विकतोस का?"

"नाही बुवा."

"मग मला एकटीला का ठेवतोस? तू हो माझी जोडी."

मी बाईंना जाऊन भेटलो. बरोबर यायला एक मोठं माणूस हवंच होतं त्यांना. वर्गातल्या सगळ्या मुलांना माझ्याकडून निळे लोकरी हातमोजे द्यायचं कबूल केलं, आणि स्वारी आनंदात घरी आली.

आनंदात नव्हती ती माझी बहीण. मुंगी दोन वर्षांची असताना बहिणीचा नवरा गेला, तेव्हापासून ती पोरीला डोळ्यांआड होऊ देत नाही. "पाण्याचं गाव ते," ती म्हणाली, "आणि ही पोर पाण्यासारखीच, हातात ठरत नाही. दादा, तुझ्या भरवशावर पाठवते. माझ्याकडे दुसरी नाही."

"अगं, मी काय तिला बाजारात विसरून येणार आहे?" मी म्हटलं.

ती हसली नाही.

२

बस पहाटे निघाली. उजाडल्यावर तासाभराने त्या शहराच्या वेशीवर थांबली, कारण पुढे चाकांचं काम नव्हतं. रस्त्यांच्या जागी पाणी. दाट हिरवं, हलतंय की नाही असा संशय यावा असं. घरांच्या भिंती सरळ पाण्यात उतरलेल्या, कमरेइतक्या उंचीपर्यंत शेवाळाचा पट्टा. काही घरांची दारं पाण्यावरच उघडतात. एका दारातून चार पायऱ्या खाली उतरल्या होत्या. तीन दिसत होत्या, चौथी पाण्याखाली पुसट, आणि तिच्याखाली आणखी असणारच. धुकं होतं. थंडी अशी की धंदेवाईक माणसाला समाधान वाटावं.

बाई उंच, सडसडीत, गळ्यात शिट्टी. त्यांची पद्धत पक्की होती. पूल ओलांडला, दारातून आत गेलो, बाहेर आलो, की शिट्टी आणि हाक: "जोड्या!" लगेच प्रत्येक जोडीने धरलेले हात वर करायचे. बाई बोटाने हवेत टिचक्या मारल्यासारखं मोजत: एक, दोन, तीन... "बारा. चला."

मी आणि मुंगी शेवटची जोडी. माझ्या गुडघ्यांचा वेग पाहून बाईंनी आम्हाला शेवटी ठेवलं होतं.

"बाई, माल चोख आहे ना?" मी विचारलं.

"मामा, अकरा वर्षं जोड्या मोजतेय. आजवर एक पोर हरवलं नाही."

पोरंही मला मामाच म्हणू लागली. एक दात पडलेलं पोरगं तर मागे वळून सारखं विचारायचं, "मामा, आलात का?" जसं काही मीच सहलीतलं सगळ्यात धाकटं मूल होतो.

तिथले पूल म्हणजे जिने. चढा, तीन पावलं चाला, उतरा. लगेच पुढचा उभा. पहिल्या दोन पुलांवर मी मुंगीशी गप्पा मारत होतो. तिने विचारलं, मासे पुलाखालून जाताना मान खाली घालतात का? मी म्हटलं, मोठे घालत असतील. तिसऱ्या पुलावर मला दम लागला, आणि मी बोलणं बंद करून पायऱ्या बघायला लागलो.

३

दुकानदाराची दमणूक वेगळी असते. तो दिवसभर उभा राहील, पण चालणं त्याला मानवत नाही. सातव्या का आठव्या पुलानंतर मला फक्त पुढची पायरी दिसत होती. दगड मधोमध झिजलेला, त्यात पाणी साठलेलं. उजव्या हातात मुंगीचा हात, डाव्या हातात कठडा. शिट्टी झाली की उजवा हात वर करायचा, "बारा" ऐकलं की खाली घ्यायचा.

"मामांचं इंजिन तापलं!" दात पडलेलं पोरगं ओरडलं.

"पाणी भरपूर आहे, ओता थोडं," मी म्हटलं. सगळी हसली. माझ्या हातातला हात मात्र हसला नाही. हसणाऱ्या मुलाचा हातही हलतो, हे तुम्ही कधी पाहिलं असेल.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या हातात मोजा नाही.

उघडी बोटं. गार आणि मऊ, फार वेळ भांडी घासल्यावर होतात तशी. "मोजा कुठाय गं?" मी पायरीवरची नजर न उचलता म्हटलं. "घाल बघू आधी. तुझी आई मला उभा सोलेल." उत्तर आलं नाही. मुंगी रुसली की बोलत नाही, म्हणून मीही सोडून दिलं. पण बोटांची खोड जात नाही. हाताचं माप अर्धा नंबर लहान लागत होतं. थंडीने बोटं आखडतात, मी मनाशी म्हटलं. हिवाळ्यात माझं हे वाक्य दिवसाला दहा वेळा ठरलेलं.

पुढे एक लहान चौक लागला. बाईंनी पाच मिनिटं विश्रांती दिली. मी एका विहिरीच्या काठावर टेकलो, डोळे मिटले, उघडले, तर मुंगी समोरच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी. दोन्ही हात काचेवर. दोन्ही हातांत निळे मोजे.

घातला वाटतं, म्हटलं मी. बरं झालं.

विहिरीच्या काठावर माझ्या उजव्या बाजूचा दगड ओला होता. पण धुक्यात कुठला दगड कोरडा असतो?

४

दुपारी आम्हाला एका जुन्या व्यापाऱ्याचं घर पाहायला नेलं. घर, वखार आणि दुकान एकाच छपराखाली. मला बरं वाटलं. धंद्याची जागा धंदेवाल्याला ओळख देते. वरच्या मजल्यावर मालाच्या फळ्या होत्या, भिंतीत मोठ्या कड्या, आणि दोर ओढून ओढून चौकटीच्या लाकडात पडलेली खाच. मी त्या खाचेत बोट घालून पाहिलं. बोटभर खोल. किती वर्षं लागली असतील!

घराची देखभाल करणाऱ्या म्हातारबाईंनी जमिनीवर एक काचेची गोटी ठेवली. ती आपली आपण घरंगळत निघाली, फळ्यांच्या कडेकडेने, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, आणि जिन्याशी जाऊन टपटप उतरली. "सगळं घर पाण्याकडे कललंय," म्हातारबाई म्हणाल्या. "दर वर्षी थोडं थोडं." पोरं गोटीच्या मागे धावली. खाली, अगदी खाली, ती कुठेतरी पडल्याचा आवाज आला. टप्प असा नाही. डुब्क असा.

जिना अरुंद आणि अंधारा. म्हातारबाई म्हणाल्या, "उतरताना हात धरा." मी भिंतीला खांदा लावून एकेक पाय खाली टाकत होतो. अर्ध्यावर एक हात माझ्या उजव्या हातात येऊन बसला. मी धरला.

तळमजल्यावर एक लांब खोली होती. तिच्या टोकाला कमान, आणि कमानीतून कालवा आत आलेला. पूर्वी इथेच होड्या लागायच्या, माल उतरायचा. आता नुसतं पाणी होतं, दगडी पायऱ्यांवर येऊन चपक करायचं, थांबायचं, पुन्हा चपक. खोलीचा वास बंद पेटीसारखा. बाहेरच्या धक्क्यावर आमची होडी उभी होती; तिथून बसपर्यंत पाण्यानेच जायचं होतं.

शिट्टी झाली. "जोड्या!"

मी हात वर केला.

"बारा. चला, एकेक जोडी. मामा, शेवटी या."

पुढची पोरं बाजूच्या दारातून धक्क्यावर निघाली. मीही निघालो. माझ्या हातातला हात मात्र दाराकडे येत नव्हता. तो कमानीकडे ओढत होता. जोराने नाही हो. लहान मूल दुकानाच्या खिडकीकडे ओढतं ना, तसं. "इकडे नाही गं, तिकडे," मी म्हटलं आणि दारातून बाहेर उजेडात आलो.

म्हातारबाईंनी मागून दार लावलं. कुलूप फिरल्याचा आवाज झाला.

आणि वरून कुणीतरी काचेवर धाडधाड मारू लागलं.

मी मान वर केली. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत मुंगी उभी होती. दोन्ही हातांनी काच बडवत होती. तोंड उघडं, आवाज काचेतून अगदी बारीक येत होता: "मामाऽ! मामाऽ!"

माझ्या उजव्या हातात तोवर हात होताच. बोटं माझ्या बोटांत होती, गार, आणि ती मला सोडत नव्हती. मी खाली पाहिलं.

मला माझाच हात दिसला. लहान मुलाच्या उंचीला वाकलेला, बोटं कशाभोवती तरी मिटलेली. आतमध्ये काही नव्हतं.

५

म्हातारबाईंनी पुन्हा कुलूप काढलं, मुंगी धाडधाड जिना उतरून आली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "पण बारा झाल्या होत्या," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "मी मोजल्या. बारा झाल्या होत्या, मामा."

"झाल्या असतील," मी म्हटलं. "बाई, कृपा करा, आता हात मोजू नका. तोंडं मोजा."

त्यांनी एकेका पोराच्या हनुवटीला हात लावून मोजलं. तेवीस. मुंगी धरून तेवीस. सगळं बरोबर.

मी मुंगीला धक्क्यावरच्या बाकावर बसवलं आणि समोर उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले, पण तेव्हा गुडघ्यांना विचारतो कोण.

"तू वर कशी राहिलीस गं?"

"तू मला नेलंच नाहीस."

"मी तुझा हात धरून उतरलो जिना."

"माझा नाही धरलास." खालचा ओठ तिने दातांत धरला होता; रडणं तिला कमीपणाचं वाटतं. "तिसऱ्या पुलापासून नाही धरलास. मी मागेच चालत होते सगळा वेळ."

"मग हाक नाही का मारायची, बाळा?"

"तुला जोडी होती ना! बाई म्हणतात, एकाला एकच जोडी."

कालव्यावरून एक रिकामी होडी गेली. तिच्या लाटा धक्क्याला लागून विरल्या.

"कोण होती?"

"मला वाटलं तुझ्या ओळखीची आहे."

"दिसायला कशी होती?"

मुंगीने विचार केला. "वेणी ओली होती."

"आणि तोंड?"

"ते नाही दिसलं. ते तुझ्या कोटात होतं."

"म्हणजे उभे होतो तेव्हा?"

"चालताना पण," मुंगी म्हणाली.

मी माझ्या कोटाकडे पाहिलं. उजव्या बाजूला, कमरेच्या जरा वर, तळहाताएवढा ओला डाग होता. आता माणूस अशा वेळी काय करतो, तर हिशोबी डोकं लढवतो. पुलांचे कठडे ओले होते, मी त्यांना टेकलो असेन. पोरगी दमलीय, भुकेली आहे, घाबरलीय. मी तिला विसरलो हे सांगण्यापेक्षा कुणीतरी दुसरी होती हे तिला सोपं वाटतंय. माझी बोटं थंडीने बधिर झाली होती. तीन कारणं, तिन्ही चोख. मी ती फळीवर ओळीने मांडली, आणि त्यातलं एकही मला बसलं नाही.

मी नावाड्याकडे गेलो. आडव्या बांध्याचा, तोंडात काडी. "बसपर्यंत पायी रस्ता आहे का?"

"आहे की. सतरा पूल." त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. "पाण्याने वीस मिनिटं."

सतरा पूल. मी मनात ते चढून पाहिले. चौथ्यालाच बसलो. इथे तुम्ही मला नावं ठेवा, माझी हरकत नाही. मुंगीला खांद्यावर घेऊन मी पायी निघायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी दमलो होतो. खरं सांगायचं तर कारण एवढंच.

६

होडी लांबट, आडव्या फळ्या टाकलेली. आम्ही शेवटच्या फळीवर, आमच्या मागे नावाडी उभा. मुंगीला मी डावीकडे बसवलं आणि तिचा मोजा घातलेला हात माझ्या डाव्या हातात घट्ट धरला. उजवीकडे फळी मोकळी होती. उजवा हात मी मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवला. लहान पोरं शाळेत बसतात तसा. कुणी पाहिलं असतं तर हसलं असतं.

मुंगी माझ्याकडे पाठ करून पाण्याकडे बघत बसली होती. मी तिला म्हटलं, "रागावलीस?" तिने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

दहाएक मिनिटांनी कालवा घरांच्या एका रांगेखाली शिरला. वर घरं, खाली पाणी, मधे बसक्या कमानींचा बोगदा. "वाका! सगळे वाका!" नावाडी ओरडला. "हात आत घ्या! दोन मिनिटांचं काम."

उजेड एकदम गेला. पोरांनी किंकाळ्या मारल्या, मजेच्या. बाईंची शिट्टी घुमली. मी वाकलो आणि माझ्या पाठीत चमक निघाली, अशी की दोन्ही हात फळीवर टेकल्याशिवाय इलाज नव्हता. एक क्षण. दुकानात गिऱ्हाइकाला सुटे देताना लागतो तेवढा. त्या क्षणात मुंगीचा हात सुटला. होडी कुठेतरी घासली, डोलली.

"मुंगे, हात दे," मी म्हटलं.

दोन हात आले.

एक डाव्या हातात, एक उजव्या. दोन्ही लहान. दोन्हींत मोजे, आणि विणीवरून बोट फिरवताच मला कळलं की दोन्ही मोजे माझ्याच दुकानातले.

"मुंगे," मी म्हटलं, "बोल काहीतरी." पुढची पोरं आरडाओरडा करत होती, बोगदा तो परत फेकत होता. बोलली असेल तरी ऐकू येत नव्हतं. मी डोळे फाडून पाहिलं. डोळे मिटले काय नि उघडे काय.

मग मी तेच केलं जे एकोणतीस वर्षं करत आलोय. बोटांना विचारलं.

डावीकडचा हात चिंब होता. लोकरीतून पाणी ठिबकत होतं, आत बर्फ. त्याने माझी बोटं अशी आवळली होती की हाडं दुखावीत. उजवीकडचा हात कोरडा. उबदार. भरवशाने विसावलेला, जसा झोपाळलेल्या पोराचा असतो. माप नेमकं, तिळाचाही फरक नाही. मुंगीचा हात मी तिच्या पहिल्या वर्षापासून मापत आलोय. होडी डोलली तेव्हा घाबरून ती माझ्या पाठीमागून उजवीकडे आली असेल, काठापासून लांब. शहाणी पोर.

डावीकडचा हात आणखी आवळला गेला.

मी तो झटकला. नुसता सोडला नाही. पाल पडल्यावर झटकतात तसा, दुसऱ्या हातातलं पोर जवळ ओढून घेऊन, सगळा जोर लावून झटकला.

पाण्याचा आवाज झाला. होडी डावीकडे कलंडली. नावाड्याने आरोळी ठोकली, त्याचे पाय माझ्या डोक्यावरून गेले. आणि बोगदा संपला.

उजेडात मुंगी होडीच्या डाव्या काठावरून बाहेर लोंबत होती. छातीपर्यंत पाण्यात, एक हात काठाला, आणि तिच्या कोटाची मागची कॉलर नावाड्याच्या मुठीत. त्याने तिला पोतं उचलावं तशी आत घेतली. बाई फळ्यांवरून तुडवत आल्या आणि आपली शाल तिच्याभोवती गुंडाळू लागल्या.

माझ्या उजव्या बाजूला कोणी नव्हतं.

मुंगी खोकली, पाणी थुंकली, माझ्याकडे बघत राहिली. "मी डावीकडेच होते, मामा," ती म्हणाली. "मी फक्त पाण्यात हात घालून बघितला होता."

माझ्या बोटांनी माप चुकवलं असं म्हणायची सोय असती तर मला बरं वाटलं असतं. सकाळी ते अर्धा नंबर लहान होतं. बोगद्यात अगदी बरोबर होतं. तिसऱ्या पुलापासून दिवसभर मीच तो हात धरून चाललो होतो ना, माप त्याने माझ्याच हातातून उचललं.

७

बसमध्ये मुंगी बाईंच्या शेजारी बसली. कुणाचा तरी कोरडा स्वेटर घालून, गुडघे पोटाशी घेऊन. तिला कुणी सांगितलं नव्हतं तिथे बसायला. मी मागच्या बाकावर एकटा. दात पडलेलं पोरगं एकदा वळून म्हणालं, "मामा, झोपा थोडा वेळ," आणि मोठ्या माणसासारखं पुढे बघायला लागलं. मी झोपलो नाही. त्या दिवसाइतका मी आयुष्यात कधी दमलो नाही, आणि झोप म्हणून आली नाही.

बसमधून उतरल्यावर बहिणीचं घर दोन गल्ल्या लांब. दिवेलागणीची वेळ. मुंगी रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालली, मी अलीकडच्या. मी दोनदा हाक मारली. ती थांबायची, मी थांबायचो, मग आम्ही पुन्हा आपापल्या कडेने निघायचो.

मी काय काय विचार करत होतो सांगू? बहिणीला काय सांगायचं, हा. पोर पाण्यात पडली होती, हे सांगायचं. ते कपड्यांवरून कळणारच. पण ती पडली नव्हती.

बहीण दारातच उभी होती. पायऱ्या उतरून धावली, मुंगीला उचललं, स्वेटर पाहिला, केस चाचपले. "हे काय? ओली कशाने झाली ही?"

मी तोंड उघडलं.

"मी होडीत उभी राहिले," मुंगी म्हणाली. "बाई नको म्हणत होत्या तरी. मामाने पकडलं मला."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात इतकं काही होतं की मी नजर खाली घातली. "दादा," ती म्हणाली, "ये आत. आधी काहीतरी गरम घे. किती दमलायस रे, उभं राहवत नाहीये तुला."

मुंगी आईच्या कडेवरून उतरली. उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून.

"मामाला दुकानात जायचंय," ती म्हणाली.

"आत्ता? वेडी की काय! सरक बघू, येऊ दे त्याला."

"नको." आवाज चढवला नाही तिने. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या उजव्या बाजूला, कोटाच्या कमरेशी, स्वतःच्या उंचीच्या कुणाकडे तरी बघत होती. मग तिने डोळे वर उचलले आणि नऊ वर्षांच्या पोरीने कधी विचारू नये इतक्या हलक्या आवाजात मला विचारलं, "मामा, सोडता येत नाही का रे?"

बहीण हसली, तिला वाटलं आमचा काहीतरी खेळ चाललाय. ती दोन पायऱ्या खाली आली, माझे गुडघे तिला ठाऊक होते, आणि मला वर घ्यायला तिने हात पुढे केला. उजवा हात, माझ्या उजव्या हातासाठी.

माझ्या हाताला तेव्हा काहीच लागत नव्हतं. गारवा नाही, ऊब नाही, बोटं नाहीत. पण बोगद्यातून बाहेर आल्यावर तो हात माझ्या हातातून कधी गेला, हे मी सबंध वाटभर आठवत होतो, आणि तो गेल्याचं मला एकदाही आठवत नव्हतं.

"पोरगी खरं सांगतेय," मी बहिणीला म्हटलं. "दुकान उघडंच टाकून आलोय. तू दार लाव. नीट लाव."

आणि तिने हात धरायच्या आत मी माझा हात कोटाच्या खिशात घातला. माझाच कोट, माझाच खिसा, हात एरवी सहज जाऊन वर जागा उरायची. त्या दिवशी तो आत घट्ट बसला.